आधीच घातलेला हार

एसटी स्टँडसमोर काल नवा फ्लेक्स लागला. मुंबईतला कुणी मोठा माणूस गेला म्हणे. मध्ये त्याचा हसरा फोटो, फोटोभोवती काढलेला हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याच्याखाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे बारा फोटो. नातसून म्हणाली, "आजी, किती हळहळ आहे बघा लोकांना." मी म्हणाले, "हळहळ वरच्या एका फोटूत हाय. खालच्या बारा फोटूंत निवडणूक हाय." ती हसली.

पण फोटोला हार दिसला की मी आधी विचारते, माणूस खरंच गेलाय ना? घरातल्यांना वाटतं म्हातारीला चाळा लागलाय. लागू दे. जिवंत माणसाच्या फोटोला हार घातलेला मी पाहिला आहे. मीच घातला होता.

तेव्हाही असाच चैत्राचा सुमार होता. आज सकाळी टँकर आला, बायका कळशा घेऊन पळाल्या, एक कळशी दुसरीवर आपटली, आणि त्या आवाजासरशी माझ्या छातीत धस्स झालं. पन्नासाच्या वर वर्षं झाली, तरी तो आवाज तोच आहे. फक्त तेव्हा कळशा पितळेच्या होत्या.

आमचं गाव जामखेड तालुक्यातलं, पावसाच्या वाटेवर नसलेलं. बाहत्तरला पाऊस आलाच नाही. त्याच्या आदल्या साली तोंड दाखवून गेला होता. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात विहिरींच्या तळाची दगडं पांढरी पडली. सकाळी उठलं की तोंडात माती असायची. भाकरी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची, थंड झाली की चपलेच्या तळव्यासारखी. कावळे माणसांना भीत नव्हते, रांजणावर येऊन बसायचे. झाडांपैकी रुई तेवढी हिरवी होती आणि तिला जनावर तोंड लावत नाही.

मी तेव्हा शाळेत पोरांना सुकडी शिजवून द्यायचे. सरकारकडून पिठाची पोती यायची. त्यातच आणखी एक काम माझ्याकडे होतं, ते फोटोंचं. शाळेत एका भिंतीला सहा थोर माणसांचे फोटो होते. कुणी पागोट्याचे, कुणी दाढीचे, कुणी कोटाचे. जयंती नाहीतर पुण्यतिथी आली की गुरुजी म्हणायचे, "कोंडाबाई, उद्या हार लागेल." माझा बाप भिंगारला लष्करातल्या साहेबांच्या बंगल्यावर माळी होता. चौथीपर्यंतची शाळा आणि हार गुंफणं, एवढं मी माहेराहून आणलं होतं. दुष्काळात फुलं कुठली? मग मी पतंगी कागदाची फुलं कातरून हार केले. सहा फोटो, सहा हार. कपाळाला कुंकू आणि पुढं उदबत्ती.

मोठ्या माणसांची मरणं तेव्हा आमच्याकडे उशिरा पोचायची. पंचायतीचा रेडिओ गाणी बंद करून नुसती सनई नाहीतर सारंगी वाजवायला लागला की समजायचं, कुणीतरी गेलं. नाव नंतर कळायचं. वर्तमानपत्र दोन दिवसांनी. शाळेला सुट्टी मिळायची आणि पोरं उड्या मारत घरी जायची. एका पोरानं गुरुजींना विचारलं होतं, "गुरुजी, आता फुडचे कवा जानार?" त्याला छडी बसली.

गुरुजी त्या दिवशी गेलेल्याचं चरित्र सांगायचे. मी चुलीपाशी बसून ऐकायचे. सगळे गरिबीत जन्मलेले, सगळे अनवाणी शाळेत गेलेले, सगळ्यांच्या आया मायाळू. त्यांतला एकही कधी बायकोवर ओरडला नाही, एकाचंही पोट कधी बिघडलं नाही, दिलेला शब्द कुणी विसरला नाही. मला वाटायचं, मेल्यावर माणसाला पाटीसारखं पुसून कोरडं करतात आणि मग त्याच्यावर दुसऱ्याचंच चरित्र लिहितात. हे मी एकदा गुरुजींना बोलले. ते म्हणाले, "कोंडाबाई, सुकडी लागतेय खाली."

तर त्या चैत्राच्या तोंडावर निरोप आला की साहेब येणार. साहेब म्हणजे जिल्ह्यातले मोठे पुढारी. त्यांचं नाव लिहीत नाही. जुन्या माणसांना लिहायची गरज नाही आणि नव्यांना लिहूनही कळणार नाही. ते येणार म्हणजे तळ्याचं काम मिळणार, असं सरपंच तात्या सांगत फिरत होते. दुष्काळी काम म्हणून तळं निघालं, तर हाताला काम, पोटाला भाकरी आणि पुढं पाणी. नाही निघालं, तर गाव उठणार. वरती राहात्याकडे पाटाचं पाणी, बागा, ऊस. निम्मं गाव तिकडं मजुरीला जायला बसलं होतं. आमच्या घरात तर आमच्या मालकांनी बैलांच्या घुंगरमाळासुद्धा काढून बांधून ठेवल्या होत्या. तिकडे दुसऱ्याच्या दारात वाजवत कशाला न्यायच्या, म्हणून.

साहेबांचा एक मोठा छापील फोटो तालुक्याहून आला. तात्या घाईत होते. म्हणाले, "कोंडाबाई, हा रांगेत लावा. आन सगळ्यांसारखा सजवा. कुटं कमी पडाय नगं."

मी सगळ्यांसारखा सजवला.

कागदाचा सातवा हार केला, तोही बाकीच्यांपेक्षा भरगच्च, कारण हे आपल्या कामाचे. कपाळाला कुंकू लावलं. उदबत्ती लावली. चार वर्षांत त्या भिंतीवर मी जिवंत माणूस बघितलाच नव्हता, तर मला कसं सुचणार? गुरुजी आणि तात्या वेशीवर स्वागताला. शाळेत मी एकटी, लांब उभी राहून बघितलं आणि मला ते फार छान वाटलं.

साहेब आले. गळ्यात राहात्याहून मागवलेला गुलाबांचा हार. मागे मामलेदार, तात्या, गुरुजी, अर्धं गाव. खोलीत शिरले आणि समोर बघून थांबले. त्यांच्या गळ्यात ताजा हार आणि समोर त्यांच्याच गळ्यात कागदाचा. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. मी माणसांच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा मला कळलं की काय झालंय.

तात्या पांढरे पडले. "अगं बये, जित्या मानसाच्या फोटूला हार घातला व्हय गं!"

साहेबांनी विचारलं, "कुणी केलं हे?"

"म्या."

ते बघत राहिले. मग हसले. "बरं झालं. कसा दिसतो ते मलाबी बघायचंच होतं." ते हसले म्हणून मामलेदार हसले, मामलेदार हसले म्हणून तात्या. मग साहेब म्हणाले, "एवढं केलंयच, तर आता भाषण पण होऊन जाऊ द्या. मी गेलो असं धरा. काय बोलाल?"

"साहेब, अडानी बाई हाय, जाऊ द्या," तात्या म्हणाले.

"चौथी शिकलीय," मी म्हणाले. का बोलले ते माहीत नाही. अडाणी म्हटलेलं मला सोसत नाही.

"बोला मग."

"खरं बोलू?"

"मेलेल्याला काय भ्यायचं?"

मी म्हणाले, "साहेब लई चांगले हुते. तीनदा आमच्या गावात आले. तीनदा त्यांनी तळ्याचा नारळ फोडला. तिन्ही डाव खोबरं ग्वाड निघालं. तळं काय अजून दिसलं न्हाई."

मागे कुणीतरी खोकलं. टँकरपाशी बायका भांडत होत्या, ते तेवढं खिडकीतून ऐकू येत होतं. साहेबांच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. रागही आला नाही. ते म्हणाले, "आणखी?"

"आनखी काय? एवढंच हाय."

त्यांनी गुरुजींचं टेबल ओढून घेतलं, मामलेदारांना जवळ बोलावलं, कागद मागितला आणि लिहायला लागले. मी मागच्या दारानं बाहेर पडले आणि रांजणापाशी जाऊन उभी राहिले. मी आयुष्यात इतकी घाबरलेली नव्हते, बाळंतपणातसुद्धा.

थोड्या वेळानं ते एकटेच मागच्या बाजूला आले. वाटीत सुकडी दिली होती कुणीतरी. त्यांनी घास तोंडात घातला होता, तो गिळता येत नव्हता. रुमालात काढला. मी तांब्या पुढं केला. जवळून बघितलं तर सदऱ्याच्या गळपट्टीत दोन बोटं जातील एवढी मान बारीक झालेली. आवाज बसलेला, तो भाषणांनी बसलाय असं सगळे समजत होते.

"माफ करा साहेब, चुकलं," मी म्हणाले.

"चुकलं नाही." त्यांनी गळ्याला हात लावला. "मुंबईच्या डॉक्टरनं हेच सांगितलंय. तुम्ही जरा आधी घातला, एवढंच." मग म्हणाले, "तो हार काढून जपून ठेवा. दोन-तीन महिन्यांत लागंल."

मी त्यांच्या हातातली वाटी घेतली.

"घरी बोललो नाही अजून. तुम्हाला का बोललो, कुणास ठाऊक." त्यांनी चूळ भरली, ती तिथंच रुईच्या बुडाला टाकली. "पण आता जीभ आवरा. मी जाणार हे कळलं, तर माझ्या सहीला कुत्रं विचारणार नाही. हा तळ्याचा कागद पाय फुटून तुमच्या गावात येईस्तोवर गप बसा."

"आन मग?"

"मग बोला की. काय बोलायचं ते."

आणि ते गेले. जीप गेली, धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

माणूस स्वतःच्या मरणाबद्दल असं बोलू शकतो, याचा धक्का मला अजून ओसरलेला नाही. गुरुजींच्या चरित्रांत असं कधी नव्हतं. त्यांत थोर माणसं मरायची ती एकदम, शेवटच्या ओळीत. घास थुंकणारा, चूळ भरणारा, आपल्या सहीची काळजी करणारा थोर माणूस मी पहिल्यांदा बघितला.

गावानं मला नाव ठेवलं, हारवाली. पाण्याला गेले की बायका म्हणायच्या, "सरा बाजूला, हारवाली आली, गळा सांभाळा." माझी जाऊ सुभद्रा चुलीपाशी बसून म्हणाली, "तुज्या जिभंनं तळं घालीवलं. तीन डाव खोबरं ग्वाड म्हनं! चवथ्यांदा तरी आलं असतं की गं तळं." मी भाकरी थापत राहिले. मला लोक फटकळ म्हणतात, तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात. त्या दिवसांत मी तोंडात धोंडा धरून होते.

मालक निघायला बसले. म्हणाले, "पाडव्याला निगायचं. बैलं मराया आली."

"आठ दिस थांबा."

"कशाच्या जिवावर?"

"थांबा म्हनते ना."

"कारन सांग."

सांगता येईना. नवरा-बायकोत कारण न सांगता थांब म्हणणं फार अवघड असतं. ते माझ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "तू कवा कारन दिल्याबिगर बोलत न्हाईस. थांबतो." दीर आणि सुभद्रा मात्र गाडी जुंपून राहात्याकडे गेले. जाताना तिनं मागे वळून बघितलं नाही.

पाडवा गेला. गुढीला साखरेची गाठी नव्हती, कडुलिंबाचा पाला होता, तोही निम्मा वाळलेला. मी रोज माळावर जाऊन बघायचे. काही नाही. दोन बैलांतला एक सहाव्या दिवशी बसला तो उठलाच नाही. मालकांनी नुसती त्याची घुंगरमाळ आढ्याला टांगली. मला वाटलं, मी एका मरणाऱ्या माणसाच्या शब्दावर माझं घर धरून ठेवलंय आणि ते बुडतंय.

दहाव्या दिवशी माळावर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा दिसल्या. साखळी टाकून मोजणारी माणसं दिसली. त्याच्या तिसऱ्या दिवशी मस्टर आलं, म्हणजे हजेरीचं पुस्तक. मुकादम नावं पुकारायला लागला. खडी फुटायला लागली, टोपल्या चालायला लागल्या. नारळ फोडला नाही कुणी. गडबडीत राहिला असेल.

आणि मग वैशाखात, दुपारच्या भाकरीच्या सुमाराला, गुरुजी सायकल दामटत कामावर आले. टोपी नव्हती डोक्याला. बांधावर उभं राहून म्हणाले, "साहेब गेले. आत्ता रेडिओला सांगितलं."

मला ठाऊक होतं. मुंबईचा डॉक्टर सोडून बहुतेक मलाच ठाऊक होतं. तरी माझ्या हातातली टोपली सुटली आणि दगड पायावर पडले. आधी माहीत असलं म्हणजे धक्का बसत नाही, असं मी समजत होते. उलट मला वाटलं, सगळ्यांत जास्त मलाच बसला. बाकीच्यांना नुसतं माणूस गेल्याचं कळलं. मला तो खरं बोलल्याचं कळलं.

तात्या आले. म्हणाले, "दुखवटा पाळायचा. तीन दिस काम बंद."

मी म्हणाले, "बंद करायचं न्हाई."

"तू बोलू नगंस! तुज्याच हारानं गेले ते."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तो विचार त्यांच्याही मनात आलेला होताच, तात्यांनी फक्त उच्चारला. मी बसकण मारणार होते. पण डोळ्यांपुढं मस्टर होतं. सही करणारा गेला. तीन दिवस बंद ठेवलं आणि चौथ्या दिवशी मुकादम आलाच नाही, तर? मी टोपली उचलली, दगड भरले. म्हणाले, "आज पुस्तक हाय. उद्या कुनी बघितलंय?" आणि चालायला लागले. पाय रक्ताळलेला होता. दुसरी उठली, तिसरी उठली. संध्याकाळपर्यंत टोपल्या चालू राहिल्या.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात आलं, 'लाडक्या नेत्याला श्रमदानातून श्रद्धांजली, साश्रुनयनांनी महिलांनी काम सुरू ठेवले.' गुरुजींनी वाचून दाखवलं. मी गार झाले. साश्रुनयन कुठले? डोळ्यांत फुपाटा होता. आम्ही रडलो नाही, आम्ही भ्यालो होतो. इतकं ताजं मरण, अजून राख गार झाली नसेल, आणि पाटी पुसून झाली होती.

शाळेत शोकसभा झाली तेव्हा मला भिंतीजवळ जाऊ दिलं नाही. फुलांचा हार नगरहून आला. कुंकू गुरुजींनी लावलं. सुकडी शिजवायचं काम तात्यांनी दुसऱ्या बाईला दिलं, कारण पोरांच्या आया माझ्या हातचं नको म्हणाल्या. पेटीत तळाशी कागदाचा सातवा हार होता. मी तेव्हा बोलू शकत होते. मस्टर आलं की बोला, असं त्यांनीच सांगितलं होतं. पण मला वाटलं, मरायला टेकलेल्या माणसानं सही केली असं कळलं, तर वरचे साहेब ती सही धरणार नाहीत, कागद रद्द करतील. आमच्याकडे अंथरुणावरच्या म्हाताऱ्याचा अंगठा घेतला की भाऊबंद तो मानत नाहीत, भांडणं होतात. सरकारचंही तसंच असेल, अशी माझी समजूत. तसं काही नसतं, हे मला पुढं नातू तलाठी झाल्यावर कळलं. तोपर्यंत हारवाली हे नाव माझ्या अंगाला चिकटून गेलं होतं आणि ज्यांना खरं सांगायचं ते तात्या, गुरुजी, आमचे मालक, सगळे मातीआड झाले होते. सुभद्रा राहात्याहून परत आली ती तळ्याचं पाणी प्यायली, पण मरेपर्यंत माझ्या हातून तिनं गळ्यात काही घालून घेतलं नाही. डोरलं ओवून दे म्हणायचीसुद्धा नाही. अज्ञानानं मी माझं तोंड धरून ठेवलं. त्याचा राग येतो मला अजून, दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच.

तळं मात्र झालं. साहेबांचं तळं म्हणतात. आता तेही गाळानं भरत आलंय, चैत्रात मध्ये डबकं राहतं. त्यात काल बगळे उभे होते.

हे सगळं आज लिहायला बसले ते टँकरमुळे, फ्लेक्समुळे आणि आणखी एका गोष्टीमुळे. शाळेची नवी इमारत होतेय. परवा सुकडीच्या वेळची ती मागची खोली पाडायला काढली. नव्या मॅडम फार चांगल्या आहेत, तिशीच्या आतल्या. त्यांनी मला बोलावून घेतलं. "आजी, तुम्ही जुन्या आहात. जरा सांगता का, हे कोण?" खोलीत सात फोटो भिंतीला तोंड करून ठेवलेले. सहांची नावं खाली छापलेली होती. सातव्याची पट्टी वाळवीनं खाल्लेली. मॅडमनी तो उलटा केला. काच तडकलेली, सदऱ्याची गळपट्टी तेवढी स्वच्छ दिसत होती.

"कुणालाच ओळखता येत नाही," त्या म्हणाल्या. "सरपंचांनाही विचारलं."

ज्याच्या मरणानं रेडिओ थांबला, त्याला त्याच्याच तळ्याच्या गावात कुणी ओळखेना. हा धक्का जास्त मोठा की पहिला, मला सांगता येणार नाही.

मी घरी गेले. पेटी उघडली. लाल कागद विटून गुलाबी झाला होता, दोन फुलं हातात आली तशी चुरगळली. बाकी हार शाबूत होता. परत शाळेत आले. मॅडमना म्हणाले, "हे धरा सरळ." त्यांनी फोटो धरला. मी हार घातला.

"आजी, चरित्र सांगता का यांचं थोडं? मुलांना लिहून देऊ."

"लिहा," मी म्हणाले. "तीनदा नारळ फोडला, तळं केलं न्हाई. चवथ्यांदा नारळ फोडला न्हाई, तळं केलं."

"एवढंच?"

"एवढंच हाय."